ही घरची कामं नव्हती

मुलांच्या घरकामांवरच्या एका लेखात जुन्या युरोपातली मुलं कोंबड्यांना दाणे टाकत, गवत वाळवत मोठी झाली, असं प्रसन्न चित्र आहे. ते खोटं नाही. पण ज्या घरात खायलाच नव्हतं, तिथली मुलं त्यात कुठेच दिसली नाहीत, याचं वाईट वाटलं.

ऑस्ट्रियातल्या टिरोल, फोरार्लबर्ग आणि स्वित्झर्लंडमधल्या ग्राउब्युंडनच्या डोंगरी गावांतली मुलं दर मार्चमध्ये बर्फातून घाट ओलांडून दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियात पायी जायची. काही जेमतेम आठ-नऊ वर्षांची. म्हणून नाव पडलं ‘श्वाबेनकिंडर’, श्वाबियाची मुलं. सोबत बहुधा एखादा पाद्री. राव्हेन्सबुर्गच्या बाजारात शेतकरी त्यांना न्याहाळायचे, घासाघीस करायचे आणि हंगामभरासाठी घेऊन जायचे. मग नोव्हेंबरपर्यंत गुरं राखायची, गोठा साफ करायचा. मोबदला काय, तर पोटाला अन्न, अंगावर नवे कपडे, बूट आणि थोडे पैसे. आईबापांना मी दोष देणार नाही. घरात एक तोंड कमी होणं हीच मोठी कमाई होती.

राव्हेन्सबुर्ग ज्या राज्यात होतं, त्या व्युर्टेम्बर्गमध्ये शाळा सक्तीची होती, पण या परक्या मुलांना ती 1921 पर्यंत लागूच नव्हती! मला सर्वांत जास्त लागलं ते हे. शेतकऱ्याची पोरं दप्तर घेऊन निघायची आणि त्याच वयाचा गुराखी कुरणाकडे.