फुकट घ्या, पण घेऊन जा!

पेट्रोल विकत घ्यायला अक्कल लागत नाही, पैसे लागतात. पण तेच पेट्रोल जुनं झालं की ते घालवायला अक्कल, ओळखी, चिकाटी आणि वर परत पैसे असं सगळंच लागतं, हे मला आमच्या दादाच्या गाडीमुळे कळलं.

झालं काय, दादा-वहिनी कामासाठी परदेशी गेले आणि गाडीची किल्ली माझ्या गळ्यात पडली. दादा म्हणजे भयंकर टापटीप माणूस. जाण्याआधी गाडी धुतली, पुसली, कव्हर घातलं आणि मला म्हणाला, "टाकी फुल करून ठेवलीय, तुला काही म्हणजे काही बघायला लागणार नाही. आणि चालवू नकोस हां, घासशील." आता टाकी फुल ठेवणं तसं चूक नाही बरं का, रिकामी जागा कमी म्हणजे आत हवा कमी, हवा कमी म्हणजे ओलावा धरायला वाव कमी. पण हे थोड्या महिन्यांपुरतं. दादाचं काम लांबलं, मग आणखी लांबलं, आणि शेवटी एकदाचा फोन आला की आम्ही काही इतक्यात येत नाही, तू गाडी विकून टाक.

विकायची तर आधी चालू तर व्हायला पाहिजे ना. बॅटरी मेलेली होतीच, टायर बसलेले होतेच, त्याचं कोणाला काही वाटत नाही, हवा भरली, केबल लावल्या, सेल्फ मारला. खर्र खर्र खर्र. इंजिन फिरतंय, पण पेट काही घेत नाही. आणि बंद गाडीचा आवाज आला की आजूबाजूची माणसं कुठून बाहेर पडतात देव जाणे, पाच मिनिटांत माझ्याभोवती सल्लागार मंडळ भरलं. "अजून मार", "अॅक्सिलरेटर दाबून मार", "थांब, आता मार". शेजारच्या काकांनी तर बॉनेटवर दोन थापा पण मारल्या.

शेवटी मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, साहेब असतील घरी तर त्यांना द्या जरा." दिला. आमच्या साहेबांना गाडीतलं फक्त एसीचं बटण कळतं. त्यांनी अतिशय गंभीर चेहऱ्याने "हो... हो... अच्छा..." केलं आणि फोन ठेवून मला विचारलं, "रेल म्हणजे काय गं?"

मेकॅनिक आला तो बॉनेट उघडेलसं वाटलं, तर नाही, त्याने थेट पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, नाक लांबूनच नेलं आणि तोंड वाकडं केलं. मला म्हणाला, "या, वास घ्या." ताज्या पेट्रोलचा वास कसा नाकात झणकन जातो, तसं काही नाही, नुसता आंबूस व्हार्निशचा दर्प. झाकणाचं रबर बघितलं तर ते पण तडकलेलं. "सेल्फ मारायचं बंद करा आधी," तो म्हणाला, "जेवढा मारताय तेवढा हा चिकटा पुढं इंजेक्टरात, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारतात त्या नळ्यांत, ढकलताय." मी काकांकडे बघितलं, काका आकाशाकडे बघायला लागले.

तर ह्या पेट्रोलचं होतं काय, तर आपल्याला वाटतं पेट्रोल म्हणजे एकच काहीतरी द्रव, पण ते शेकडो हायड्रोकार्बनचं कडबोळं असतं. त्यातले हलके असतात ते पटकन वाफ होतात आणि इंजिन गार असताना पहिला जाळ त्यांच्याच जोरावर लागतो. गाडी उभी राहिली की हेच हलके आधी उडून जातात, मीटिंगमधून कामाची माणसं काहीतरी कारण काढून सटकतात आणि भाषण ठोकणारी तेवढी बसून राहतात तसं. मग उरलेल्या जड मंडळींची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते, त्यातून डिंकासारखा गोंद तयार होतो, आणि तो गोंद इंजेक्टरच्या त्या बारीक, डोळ्याला धड न दिसणाऱ्या भोकांत जाऊन बसतो. टाकीचं तोंड एकदा उघडलं की ढोबळ हिशोब असा सांगतात की २० अंश तापमानाला ६ महिने आणि ३० अंशांना ३ महिने. उष्णता वाढली की आयुष्य निम्मं. दादाचं पेट्रोल त्या हिशोबाने केव्हाच वारलेलं होतं, आम्ही फक्त सुतक पाळलं नव्हतं.

आणि एवढ्यावर भागत नाही. आता पेट्रोलात इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याचं भारी प्रेम. हवेतला ओलावा ओढून ओढून घेतं. १० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलात साधारण अर्धा टक्का पाणी झालं की बास, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत पेलाभर पाणी, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. वर राहतं ते ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके पडू न देण्याची ताकद, गमावलेलं पेट्रोल, खाली पाणी आणि इथेनॉलचा थर. आणि गाडीचा फ्युएल पंप कुठून ओढतो? तळातून!

शेजारच्या बिल्डिंगमधल्या डिझेल गाडीवाल्यांनी इथे संधी साधली, "आमच्या डिझेलला असली नाटकं नसतात." त्यावर मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "डिझेलात बुरशी धरते साहेब. खाली पाणी, वर डिझेल, त्या दोघांच्या मधल्या सांध्यात राहते आणि डिझेलच खाते, फिल्टर काळ्या बुळबुळीत चिखलाने भरतो." ते गृहस्थ लगेच काहीतरी आठवल्यासारखं करून आपल्या गाडीकडे गेले. मला त्या दिवसातला तेवढाच काय तो आनंद.

आता टाकी रिकामी करायची. मला वाटलं होतं पाइप टाकायचा, खाली डबा ठेवायचा, झालं. पण बऱ्याच नव्या गाड्यांत पाइप टाकीपर्यंत पोचतच नाही, मध्येच अडतो, चोरी होऊ नये किंवा गाडी उलटली तर पेट्रोल सांडू नये म्हणून आत झडप असते. काका पुढे सरसावले, "आमच्या वेळी तोंडानं ओढायचो आम्ही." काका, तुमच्या वेळी खूप गोष्टी व्हायच्या! पेट्रोल घशातून चुकून फुफ्फुसात गेलं ना, तर माणूस थेट हॉस्पिटलात.

मग सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत उघड्यावर नेली, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि बंद जागेत साठून राहते, आणि उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा ती ठिणगीने पेटू शकते म्हणे. साहेबांना आग विझवायचा सिलिंडर धरून लांब उभं केलं. हे काम त्यांना फार आवडलं. मेकॅनिकने बॅटरीची वायर काढली आणि मागची सीट उचलली. सीटखाली दादाच्या टापटिपीचं खरं रूप दिसलं: दोन पेनं, एक कंगवा, नाणी, आणि वहिनी ज्या कानातल्यासाठी मोलकरणीवर संशय घेत होती ते कानातलं. त्याखाली एक पत्र्याचं झाकण, त्याखाली फ्युएल पंप. तो अलगद वर आला तेव्हा त्याच्या जाळीवर तपकिरी लेप बसलेला होता, बोटाने ओढला तर तार धरत होता.

हातपंपाने पेट्रोल काढलं, शेवटचं काचेच्या बाटलीत घेतलं आणि उन्हात धरलं. वर तांबूस, खाली गढूळ, आणि मधली रेघ इतकी स्पष्ट की पट्टीने आखल्यासारखी. बाटली तिरकी केली तर रेघही तिरकी होऊन परत सरळ. मुलं तर तो खेळ बघतच बसली.

डबे भरले, आणि इथून माझ्या खऱ्या वनवासाला सुरुवात झाली. कारण मेकॅनिक म्हणाला, "ताई, हे तुमचं तुम्ही बघा."

बघा म्हणजे? पंपावर विचारलं, परत घेता का, नाहीतर फुकट ठेवून घ्या. तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की मी त्याच्या टाकीत विष कालवायला आलेय. बरोबर आहे म्हणा त्याचं. एकाने सुचवलं, गटारात ओता. अहो, वाफ गटारातून फिरते, पुढे कोणीतरी काडी ओढली की झाकणं उडतील, आणि जमिनीत मुरलं तर पाण्याची वाट. दुसरा म्हणाला, पालापाचोळा जाळायला वापरा. त्याच्या भुवया आधीच विरळ होत्या, त्यामुळे सल्ला अनुभवाचा असावा. तिसऱ्याचं म्हणणं, गवत कापायच्या मशीनला चालेल, छोटं इंजिन आहे, त्याला काय कळतंय. तर उलट त्यालाच जास्त कळतं, कार्ब्युरेटरचा जेट म्हणजे इंजिनाला पेट्रोल सोडणारं सुईएवढं भोक, गोंद बसला की मशीन गप्प. चौथा जरा अभ्यासू होता, म्हणाला ताज्या पेट्रोलात थोडं थोडं मिसळून संपवा. हे खरं आहे, नुसतं थोडं जुनं झालेलं असेल, पाणी आणि गोंद नसेल तर चालतं. आमच्याकडे दोन्ही! काकांनी मात्र मनाचा मोठेपणा दाखवला, सायकलची चेन धुवायला थोडं द्या म्हणाले. वाटीभर घेऊन गेले.

तोपर्यंत डबे सावलीत, सगळ्यांपासून लांब ठेवलेले. दुपार झाली की ते फुगायचे, संध्याकाळी गार झाले की "टॉक" करून आवाज यायचा. दर "टॉक"ला सासूबाई विचारायच्या, "गेलं का गं ते?" धरलं तर चावतं सोडलं तर पळतं म्हणतात ना, पण हे पळत पण नव्हतं.

सरतेशेवटी घातक कचरा घेणारं एक अधिकृत केंद्र सापडलं. तिथे फॉर्म. कचऱ्याचा प्रकार, प्रमाण, कशातून निर्माण झाला. मला लिहावंसं वाटत होतं, दादाच्या टापटिपीतून. तिथल्या माणसाने डबे मोजले, झाकणं तपासली, आणि पैसे किती ते सांगितलं. होय, पैसे आपण द्यायचे! एकदा भरताना दिले होते, आता टाकताना. मी दिले, घासाघीस न करता, आयुष्यात पहिल्यांदा. डबे तरी परत द्या म्हटलं तर म्हणाला, ते पण आता कचराच.

पुढचं पटापट झालं. फिल्टर बदलला, इंजेक्टर काढून साफ केले, टाकी पुसली, झाकणाला नवं रबर, आणि अगदी थोडं ताजं पेट्रोल. किल्ली अर्धी फिरवली तर मागच्या सीटखालून पंपाची बारीक घुंई ऐकू आली, दोनेक सेकंद, मग बंद. मग सेल्फ. थोडा धूर काढला, जरा खोकली, आणि चालू झाली. मेकॅनिकने जाताना एक बाटली दाखवली, स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं औषध, गाडी उभी ठेवायची असेल तर ताज्या पेट्रोलात टाका आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं, मेलेल्या पेट्रोलात टाकून मात्र काही उपयोग नाही. मी म्हटलं ठेवायचीच नाहीये, न्या ती बाटली.

गिऱ्हाईक आलं. भला माणूस होता. टायर दाबून बघितले, आरशात भांग पाडला, हॉर्न वाजवला, भाव पाडला, पैसे दिले, किल्ली घेतली. सीटवर बसून काट्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काय हो ताई," तो म्हणाला, "निदान टाकी तरी भरून द्यायची होती."