बॉल पायथनवरील माइट्सच्या उपचाराबाबत आपल्या तक्रारीस उत्तर

महोदय,

बॉल पायथन या पाळीव अजगरावरील माइट्सच्या (रक्त पिणाऱ्या बारीक परजीवींच्या) उपचाराचे पैसे भरूनही बाराव्या दिवशी ते पुन्हा दिसले, पेटीतील लाकूड व नारळाचा भुसा टाकून द्यायला सांगणे हा सामान विकण्याचा डाव होता आणि कागदपत्रे विनाकारण मागितली गेली, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे.

आमची चूक आधी सांगतो. उपचाराची दुसरी फेरी चौदाव्या दिवशी घ्यावी लागेल, हे आपणांस तोंडी सांगितले गेले. चिठ्ठीवर लिहून दिले नाही आणि आठवणीचा फोनही केला नाही. त्यामुळे एकाच भेटीत काम संपले असा आपला समज झाला असेल, तर तो दोष आमच्याकडे येतो.

उपचार फसला, हे मात्र मान्य करता येत नाही. माइट्स सापाच्या अंगावर कायम राहत नाहीत. रक्त पिऊन झाले की मादी खाली उतरते आणि पेटीच्या सांध्यांत, लाकडाच्या भेगांत, भुशाखाली अशा अंधाऱ्या, दमट जागी अंडी घालते. अंगावर पुसलेले औषध त्या अंड्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि २५ ते ३० अंश तापमानात अंड्यापासून प्रौढ माइट तयार व्हायला साधारण दोन आठवडे पुरतात. बाराव्या दिवशी आपणांस दिसलेले खसखशीएवढे काळे ठिपके बहुधा याच पुढच्या पिढीचे असावेत. नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर असला, तरी दिवसभर कूलर चालणाऱ्या खोलीत ऊब आणि ओल दोन्ही असतात. माइट्सना याहून सोयीचे घर नाही. म्हणूनच भुसा टाकून द्यायला सांगितला. त्याच्या जागी आम्ही जुनी वर्तमानपत्रे सुचवली होती, आणि ती आमच्याकडे विकायला नाहीत.

पहिल्या भेटीतच सापाच्या डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खाचेत माइट्स होते, व तो दिवसदिवस पाण्याच्या भांड्यात बसून राहतो असे आपणच सांगितले होते. माइट्स असलेला साप पुष्कळदा असेच करतो.

कागदपत्रांविषयी एवढेच, की बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेली प्रजाती आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तिची नोंदणी बंधनकारक आहे. आम्ही हे प्रत्येकाला विचारतो.

अधिक काळजी आपल्या शेवटच्या ओळीची वाटली. मित्राच्या सल्ल्याने गुरांचे आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध आणून घरीच फवारणार, असे आपण लिहिले आहे. सापासाठी त्याची मात्रा वजनावर ठरवावी लागते, ती अंदाजाने घेऊ नये. आणि घरात कासव असेल तर त्याच्या आसपासही ते नेऊ नका, कासवाचा त्याने जीव जाऊ शकतो.

दुसऱ्या फेरीचे पैसे आम्ही घेणार नाही. तोवर रिकामी पेटी गरम पाण्याने घासून, सांधे कोरडे करून दुपारच्या उन्हात ठेवावी; साप त्या वेळी घरातच, झाकणाच्या स्वच्छ डब्यात असावा. येताना ऊन चढण्यापूर्वी, सकाळी नऊच्या आत, त्याला कापडी पिशवीत घालून आणावे. पिशवी आम्ही उकळत्या पाण्यातून काढून परत देऊ.