बाळाला विचारलं होतं का?

‘ज्याला बोलताही येत नाही त्याच्यावर धर्माची सक्ती. मोठं होऊ द्या, मग त्याचं तो ठरवेल.’ तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्याविरुद्धचा हा लांबलचक संदेश मला बऱ्याच जणांनी पाठवला. त्यात ज्यांच्या मुलांना मी, त्यांच्या कॅथलिक धर्मगुरूने, स्वतः स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा दिला असे पालकही आहेत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

संदेश म्हणतो, सुरुवातीला फक्त प्रौढांनाच बाप्तिस्मा मिळे, तान्ह्या बाळांची प्रथा मध्ययुगात घुसवली. हे चूक आहे. बायबलच्या नव्या करारात तान्ह्या बाळांचा स्पष्ट उल्लेख नाही, हे मान्य. लुदियाने आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याने घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला, एवढंच त्यातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. पण इ.स. २०० च्या सुमारास तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक बजावतो की लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका. प्रथाच नसती तर त्याने विरोध कशाला केला असता? इ.स. २५३ च्या सुमारास एका बिशपचं म्हणणं होतं की आठव्या दिवसापर्यंत थांबावं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याने आणि सोबतच्या बिशपांनी, एकूण ६६ जणांनी, कळवलं की तेवढंही थांबू नका.

‘न विचारता’ हा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. बाळाला विचारता येत नाही, म्हणूनच चर्चचा कायदा मोठ्यांना विचारतो. त्या कायद्याच्या कलम ८६८ प्रमाणे आई-वडिलांपैकी निदान एकाची संमती लागते, आणि मूल श्रद्धेत वाढवलं जाईल अशी आशा दिसावी लागते. ती अजिबात नसेल तर संस्कार पुढे ढकलायचा आणि का ते आई-वडिलांना सांगायचं. एका जोडप्याने मला सरळ सांगितलं, “फादर, आमचा विश्वास नाही, घरी शिकवणारही नाही, आईचा जीव शांत व्हावा म्हणून करतोय.” मी तारीख दिली नाही. बाळाची आजी माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. पुढे वर्षभराने ते दोघं आपणहून आले, वर्गाला बसले, आडवेतिडवे प्रश्न विचारले. आई-वडिलांचा असा होकार मिळाला की बाळाच्या डोक्यावर पाणी ओतताना माझा हात अडखळत नाही. बाळाचा स्वतःचा होकार राहतोच. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या वेळी तो त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचा असतो, आणि कुणी दिला नाही तर त्याला कुणी ओढून आणत नाही. देवाने मात्र आपल्या होकाराची वाट पाहिली नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असं पौल रोमकरांना लिहितो.

ज्या ओळीमुळे मला राग आला ती अशी: ‘बाप्तिस्मा न झालेलं बाळ मेलं तर ते स्वर्गाला मुकतं, असं चर्च शिकवतं.’ हा संदेश एका आईच्या हाती पडला. तिचं बाळ काही तासच जगलं होतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर ती बाकावरून उठलीच नाही. मोबाइल माझ्यापुढे धरून एवढंच म्हणाली, “फादर, माझं बाळ कुठे आहे?” लिंबोची कल्पना, म्हणजे अशी बाळं स्वर्गाबाहेर पण यातनांविना राहतात ही समजूत, शतकानुशतकं सांगितली गेली, आमच्याच लोकांनी सांगितली, हे मी लपवत नाही. पण ती श्रद्धासिद्धांत कधीच नव्हती. चर्चची प्रश्नोत्तरी, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ, अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवते, आणि २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं मांडलं. मी तिला हेच सांगितलं. मग तिने विचारलं, “मीच पाणी ओतलं असतं तर चाललं असतं?” चाललं असतं. जिवावर बेतलं असेल तेव्हा योग्य हेतूने कुणीही, आईसुद्धा, पाणी ओतून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. तिला हे ठाऊक नव्हतं, कारण मी वेदीवरून ते कधी सांगितलंच नव्हतं.

संदेशातल्या पैशाच्या आरोपाबद्दल दोनच वाक्यं. बिशपांनी ठरवलेल्या अर्पणापलीकडे काही मागायचं नाही आणि गरिबाचा संस्कार पैशावाचून अडू द्यायचा नाही, हा नियम आहे. तो कुणी मोडत असेल तर बिशपांकडे तक्रार करा.

शेवटचा मुद्दा: ‘हा घरगुती समारंभ, धर्मग्रामाचं (म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायाचं) काम फक्त नोंदीपुरतं.’ ती नोंद मी रोज हाताळतो. बाळाचं नाव, आई-वडील, बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे धर्ममाता आणि धर्मपिता, तारीख, आणि शेजारी कोरा सोडलेला रकाना. दृढीकरण, लग्न, गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याचा संस्कार) पुढे कुठेही झाली तरी ते इथे कळवलं जातं आणि त्याच रकान्यात लिहिलं जातं. मध्यंतरी एक तरुण लग्नासाठी दाखला न्यायला आला. आपल्या ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं, “फादर, धर्मपिता म्हणून हे कोण?” ते गृहस्थ दर रविवारी त्याच्या पुढच्याच बाकावर बसतात. या दोघांची ओळख करून द्यायला मला सत्तावीस वर्षं उशीर झाला होता. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी दोघांना दारात थांबवून घेतलं.