पगारवाढ एकट्यानेच मागावी

चाकणला असाल, रांजणगावला असाल नाहीतर हिंजवडीत, पगारवाढ मागायला कायम एकट्याने जायचं. केबिनमध्ये तिकडून तिघं बसतात, एचआर, प्लँट हेड आणि एक तो लॅपटॉपवाला जो शेवटपर्यंत तोंड उघडत नाही, आणि इकडून तुम्ही. चहा येतो, चार टक्के मिळतात, वर "कुणाला बोलू नका हं, तुमच्यासाठी स्पेशल केलंय" असंही मिळतं. खरंच बोलू नका, बाकीच्यांनाही तेच स्पेशल मिळालेलं असतं, उगाच त्यांचा हिरमोड होतो.

अख्ख्या इंडस्ट्रीचा मिळून एकच करार वगैरे खूळ तर डोक्यात घेऊच नका. बँकवाले करतात, 1966 पासून, बँकांचं मॅनेजमेंट एकत्र येऊन एका बाजूला आणि युनियन दुसऱ्या, मार्च 2024 ला बारावा करार झाला, 17 टक्के वाढ. पण ती माणसं वेगळी, त्यांना दुपारी निवांत जेवता येतं. दुसरे मार्केट यार्डातले हमाल. 1969 चा माथाडी कायदा, माथाडी मंडळात मालकाची पण नोंद आणि हमालाची पण, मजुरी मंडळात जमा, वर मालकाने भरायची लेव्ही, त्यातून पीएफ, बोनस. बाबा आढावांनी त्या लोकांसाठी आख्खं आयुष्य घातलं. म्हणजे पोती वाहणाऱ्याचा रेट ठरवायला मंडळ आणि तुम्ही बीई मेकॅनिकल, तर तुमचा रेट ठरवायला तुमचा कॉन्फिडन्स. आईबापाने फी भरली ती याच्यासाठीच.

आणि मालक लोक एकत्र येतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्या पट्ट्यातल्या एचआरवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, यंदा ट्रेनीला कुणी किती द्यायचे ते तिथे ठरतं, पण त्याला बेंचमार्किंग म्हणतात. आपण चौघं टपरीवर तेच बोललो की गटबाजी.

आता कायदा पण सोपा झालाय. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड लागू, 29 जुने कायदे त्यात गेले. संप करायचा तर 14 दिवस आधी नोटीस द्यायची, तेवढ्यात कंपनी स्टॉक करून ठेवते, तो स्टॉक आपणच ओव्हरटाइम मारून बनवायचा, डबल रेट, म्हणजे नोटीस देणं फायद्याचंच. मग लेबर ऑफिसात समेटाच्या तारखा सुरू होतात, आणि त्या चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. तोपर्यंत रागही निवतो, तब्येतीला बरं.

निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरतात. आमच्या लाइनवर निम्मी पोरं जुन्नर-आंबेगावची, चैत्रात यात्रा सुरू झाल्या की सगळ्यांच्या आज्या एकदम आजारी पडतात. यंदा आधी डोकी मोजा, चिठ्ठ्या टाका, उरलेल्यांनी देवाला व्हिडिओ कॉल करावा.

आणि एकापेक्षा जास्त युनियन असल्या आणि बोलणी करायचा मान एकीलाच हवा असेल तर हजेरीपटावरचे 51 टक्के तिच्या मागे लागतात. हजेरीपट बघायला मात्र जाऊ नका. तुमच्या शेजारी बारा-बारा तास उभा राहणारा पोरगा त्यात सापडणार नाही, तो ठेकेदाराच्या वहीत.

असाच एक आमच्याकडे होता. दिवाळीच्या आधी शेजारच्या मोठ्या कंपनीचा करार झाला, गेटवर गुलाल, फटाके, डीजे, आमच्या शॉपवर मशीनचा आवाज ऐकू येईना. त्यांचे पार्ट आम्हीच बनवतो, त्यामुळे हा म्हणाला आपला पण हक्कच आहे की, आणि जेवणाच्या सुट्टीत जाऊन दोन पेढे घेऊन आला. एक स्वतः खाल्ला, एक मशीनपुढे ठेवला. पुढच्या सोमवारी त्याला सात महिने भरत होते, म्हणून शनिवारीच ब्रेक दिला, म्हणजे कामावरून काढला. पेढ्याला मुंग्या लागल्या आणि फाइव्ह एसच्या, म्हणजे शॉपवरच्या टापटिपीच्या, ऑडिटला माझे दोन मार्क गेले.