काका म्हणाले, प्रिंटरला विचारलंत का?

आमच्या ऑफिसात नेटवर्कमध्ये शिरण्याआधी प्रत्येक यंत्राची तब्येत तपासतात. सुट्टीवरून आलो, लॅपटॉप उघडला, तर कोपऱ्यात लाल ढाल: ‘आपले उपकरण निकषांत बसत नाही.’ फायरवॉल चालू, डिस्क एनक्रिप्टेड, अँटिव्हायरस ताजा. फक्त विंडोजचा महिन्याचा पॅच, म्हणजे सुरक्षेची डागडुजी, राहिला होता. पण तो पॅच आला तेव्हा हे यंत्र कपाटात बंद होतं, त्याला कोण काय करणार?

हेल्पडेस्कचा मुलगा आला. “सर, तुम्ही क्वारंटाइनमध्ये आहात. इथून फक्त अपडेट सर्व्हर दिसेल.”

‘क्वारंटाइन’ ऐकताच शेजारच्या अकाउंट्समधल्या काकांनी खुर्ची मागे सरकवली आणि चहावर बशी झाकली.

“परत आला का तो?”

“काका, लॅपटॉपला आहे.”

“सुरुवातीला असंच सांगतात.” मग मुलाकडे वळून, “आणि त्या प्रिंटरची तपासणी केलीस?”

“त्यात एजंट, म्हणजे तपासणारा प्रोग्राम, बसत नाही, काका. त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, यादीत टाकलाय. थेट आत.”

“म्हणजे वशिल्यावर!” काकांचा चेहरा उजळला. “मग यांचंही नाव टाक की यादीत.”

“लॅपटॉपला तसं चालत नाही.”

“का? हे उत्तरं देतात म्हणून?”

मुलगा गप्प. मीही, कारण माझा मुद्दा काकांनी फुकटात मांडला होता. त्यात तो मॅक ॲड्रेस नक्कल करायला फार अक्कल लागत नाही.

मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००८ बरोबर अशीच एक व्यवस्था आणली होती. त्यात संगणक स्वतःच स्वतःच्या तब्येतीचा दाखला सर्व्हरला द्यायचा. खोटं बोलणाऱ्याला अडवण्यासाठी ती नव्हतीच. विंडोज १० मध्ये ती काढूनच टाकली. माझा लॅपटॉप मात्र खरं बोलला आणि बाहेर बसला.

तपासणी नकोच, असं म्हणवत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. कळतं हो! पण मग क्वारंटाइनची लाइन इतकी बारीक का ठेवायची? सोमवारी सकाळी रजेवरून परतलेला अख्खा मजला तिच्यातून पॅच ओढतो आणि टक्का हलत नाही. वर पॅच बसला की रीस्टार्ट, रीस्टार्टनंतर पुन्हा तपासणी. फोनचा हॉटस्पॉट जोडावा, तर धोरणात मनाई.

अकराची मीटिंग ऑनलाइन होती. सगळे सहभागी माझ्या आजूबाजूलाच हेडफोन लावून बसले होते. प्रत्येकाचं बोलणं मला ऐकू येत होतं, दोनदा मी मोठ्याने उत्तरही दिलं. दुपारी इतिवृत्त आलं. त्यात मी गैरहजर. ते वाचलंसुद्धा काकांच्या कागदावर, त्या प्रिंटरने छापलेल्या.