गार्डेनिया न माळता

केसांत गार्डेनिया नव्हती, हे माझ्या सगळ्यात आधी लक्षात आलं. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे ते पांढरं फूल माळायची; तिच्या नावाचा कार्यक्रम म्हणजे ते हवंच, अशी माझी समजूत. न्यूयॉर्कमधला तळघरातला छोटा क्लब, एकमेकांना चिकटलेली टेबलं, आणि गायिका साध्या काळ्या शर्टात. साथीला पियानो, बास, ड्रम्स. निवेदक नाही. (याचं सुख मराठी श्रोत्यालाच कळेल.)

दुसरंच गाणं 'गॉड ब्लेस द चाइल्ड'. बिलीची १९४१ची रेकॉर्ड मी इतक्यांदा ऐकली आहे की पहिला शब्द कुठे पडणार ते मला पाठ. बासवाला एकटाच वाजवत होता. शब्दाची जागा आली, गेली, बाई गप्प. मला वाटलं, चुकली. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी काटा हातातच धरून वर पाहिलं. मग उशीर झाल्यासारखा शब्द आला आणि चालही ओळखीच्या वाटेने न जाता खालच्या अंगाने उतरली. बिलीची एकही जागा तिने घेतली नाही. तालाच्या किंचित मागे रेंगाळायची खोड मात्र नक्की बिलीची. उचललं होतं ते एवढंच.

दोनच दिवसांपूर्वी आमच्या घरच्या ग्रुपवर रण माजलं होतं. पुण्यात एका तरुण गायिकेने बालगंधर्वांच्या स्मरणार्थ केलेल्या कार्यक्रमात एक पद वेगळ्या लयीत म्हटलं. आमचा आतेभाऊ पेटला : 'बदलायचंच होतं तर पोस्टरवर गंधर्वांचं नाव कशाला?' प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. नावावर तिकिटं खपतात, ती इथेही. ज्याच्या नावावर गर्दी जमवली त्याचं काही देणं लागतोच.

ते फेडायचं कसं, इथे मात्र वाटा वेगळ्या होतात. 'डोळे मिटले तर साक्षात तेच!' ही आपल्याकडची सगळ्यात मोठी दाद. मीही इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत ती सढळ हाताने दिली आहे. जॅझ गायिकेला तीच दाद दिली तर ती हसून 'थँक यू' म्हणेल आणि रात्रभर तळमळेल. गायिका एटा जेम्सचा आवाज दणदणीत, बिलीच्या अगदी उलटा. त्याच आवाजात तिने १९९४मध्ये बिलीची गाणी गायली आणि ग्रॅमी मिळवलं. जॅझ गायिका डी डी ब्रिजवॉटरने २०१०च्या अल्बमला बिलीचं जन्मनाव दिलं, एलिनोरा फेगन, पण गायली स्वतःसारखी. खुद्द बिलीला ब्लूज गायिका बेसी स्मिथचा मोठा आवाज आणि ट्रंपेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगचा भाव हवा होता. तिचा गळा लहान, पल्ला थोडा. बेसीसारखं गाणं जमण्यातलं नव्हतंच. जे जमलं, ती बिली.

एवढ्यावर मी आतेभावाला पत्र लिहायला बसलो असतो, पण शेवटच्या गाण्याने माझी पंचाईत केली. 'स्ट्रेंज फ्रूट', झाडाला लटकवून मारलेल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. १९३९मध्ये न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या क्लबात बिली ते म्हणायची तेव्हा वेटर थांबायचे, दिवे मालवायचे, प्रकाश फक्त तिच्या चेहऱ्यावर. ते शेवटचं गाणं, त्यानंतर वन्स मोअर नाही. त्या रात्री त्या तळघरातल्या क्लबने हे सगळं जसंच्या तसं केलं. ग्लासांची किणकिण थांबली, बारमागचा मुलगा हात बांधून उभा राहिला. गाणं संपलं, अंधार झाला, दिवे लागले तेव्हा माइकसमोर कोणी नव्हतं. म्हणजे संध्याकाळभर नक्कल टाळणाऱ्या बाईने इथे नक्कलच केली होती, पण गळ्याची नव्हे, शांततेची. काय सोडायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे तिने आधी ठरवलेलं होतं. पुण्यातल्या त्या मुलीने ठरवलं होतं का, की लय नुसतीच बदलली? मी तिला ऐकलेलं नाही. ग्रुपवर भांडणाऱ्यांपैकीही फार जणांनी ऐकलं नसावं.

आणि हे काही साहेबाकडून शिकायला नको. कुमार गंधर्व लहानपणी बड्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणून दाखवत. नक्कल त्यांच्याइतकी कोणाला येत होती? त्याच माणसाने मोठेपणी कार्यक्रम केला, त्याचं नाव 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्यातला 'मला' मला फार आवडतो.

रात्री घरी पोचल्यावर त्याच कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आतेभावाला पाठवलं. तिकडे सकाळ झालेली. उत्तर लगेच आलं : 'हो, पण ते कुमार होते.'

'कुमार व्हायच्या आधीही कोणीतरी त्यांना गाऊ दिलंच असेल ना,' असं लिहिलं. मग पुसलं. त्याचंही अगदीच चूक नव्हतं.