दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये सबवूफर बसवताना

सबवूफर म्हणजे फक्त बास, म्हणजे खालचे जाड सूर, काढणारा स्पीकरचा डबा. तो बसवताना पहिली गोष्ट, हॉल मोजायच्या फंदात पडू नका. १५ फूट लांबी, १० फूट रुंदी, साडेनऊ फूट उंची, हे बिल्डरच्या माहितीपत्रकात असतंच. लांबीच्या दोन टोकांच्या भिंतींत साधारण ३८ हर्ट्झचा (सेकंदाला ३८ कंपनांचा) सूर घुमतो, रुंदीत ५६ आणि जमीन-छतामध्ये ५९, असं हिशेब करणारे लोक सांगतात. शेवटचे दोन आकडे एकमेकांच्या मांडीवर बसलेत हे त्यांच्या लक्षात येतं, तुमच्या येऊ देऊ नका. गाण्यात त्या पट्टीतला बास आला की ढोल-ताशा पथक घरात शिरेल, पुढचा सूर मात्र गायब होईल. यालाच ‘दमदार साउंड’ म्हणतात.

सबवूफर कोपऱ्यातच ठेवा. शोकेस आणि सोफा यांच्यामध्ये जी दीड फुटाची फट उरते, ती त्याच्याचसाठी असते. दोन भिंती आणि फरशी मिळून बास वाढवतात, हे दुकानदार सांगतो ते खरंच आहे. नक्की कुठला बास वाढतो, हे विचारायचं नसतं. काही चिकित्सक मंडळी सबवूफर उचलून सोफ्यावर, म्हणजे आपल्या बसायच्या जागी ठेवतात, बास गिटारचा वर-खाली फिरणारा तुकडा लावतात आणि भिंतीच्या कडेकडेनं रांगत कान फरशीजवळ नेतात. जिथे सगळे सूर सारख्याच जोराने येतात, तिथे मग सबवूफर जातो. पाहुणे घरात असताना हा प्रकार करणं बरं दिसत नाही, म्हणून कधीच करू नका.

सोफा मागच्या भिंतीला चिकटवा. भिंतीशी बासचा दाब सर्वांत जास्त, म्हणजे पैसे वसूल. दोन-अडीच फूट पुढे ओढला तर मागून झाडू मारता येतो, हा एकच फायदा जगाला ठाऊक असू द्या.

आता दोन स्पीकर. एक टीव्ही युनिटवर आडवा, दुसरा चपलांच्या रॅकवर उभा. दोघांमधलं अंतर आणि तुमच्यापासूनचं अंतर सारखं हवं, ट्वीटर (बारीक सूर काढणारा स्पीकरमधला छोटा भाग) कानाच्या उंचीला हवा, वगैरे भूमिती दहावीला होती, ती तिथेच राहू दे. वायर लावताना एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडा. बास आटेल, गायिका मधोमध उभी राहायची ती साऱ्या हॉलभर पसरेल. कोणी विचारलं तर ‘सराउंड’ म्हणा.

सबवूफरच्या मागच्या बटणांना हात लावायचा तर रांगडेपणानं. क्रॉसओव्हर, म्हणजे किती हर्ट्झच्या खालचे सूर सबवूफरकडे जातील ते ठरवणारी चाळणी, ८० ऐवजी १५० वर न्या, म्हणजे बातम्या देणारा माणूस थेट कोपऱ्यातून बोलेल. रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या अॅम्प्लिफायरमध्ये) ८० लावलंच असेल तर सबवूफरचंही ८० वरच ठेवा. दोन चाळण्या एकापुढे एक लागल्या की त्याच ठिकाणी खड्डा पडतो आणि दोष स्पीकरला देता येतो. फेजचं ०–१८० चं बटण, म्हणजे सबवूफरची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारं, शोभेचं आहे. ८० हर्ट्झचा सूर लावून ज्या बाजूला तो मोठा ऐकू येतो ती बाजू ठेवायची, एवढं सोपं असेल तर कंपनीनं ते मागे का लपवलं असतं?

घुमतंय असं वाटलं तर भिंतीला एक इंची फोम आणि अंड्यांचे ट्रे चिकटवा. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, तिला ट्रेचा पत्ताही लागत नाही. पण तबल्याची चाट आणि झांजेची किणकिण शोषली जाते, म्हणजे उरलेला गुबगुबाट आणखी स्पष्ट.

सबवूफरखाली जाड रबर घालू नका. तो सरळ स्लॅबवर बसला की खालच्या काकूंचा स्टीलचा मांडणीतला डबान्‌डबा तालात येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल एवढी मर्यादा आहे. घाबरू नका. हे आकडे ‘ए’ पट्टीवरचे, म्हणजे माणसाच्या कानाच्या हिशेबाने आवाज तोलणाऱ्या पट्टीवरचे आहेत आणि ती पट्टी ५० हर्ट्झला मोजताना जवळपास ३० डेसिबल कापून टाकते. मीटर तुमचाच साक्षीदार आहे, डबे त्यांचे.

तरीही सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आलेच, तर त्यांना हॉलच्या बरोबर मध्यावर खुर्ची द्या. तिथे ३८ आणि ५६ दोन्ही जवळजवळ नाहीसे होतात. ‘आवाज कुठे आहे, सांगा बरं?’ असं विचारा, चहा द्या. फक्त ते कप ठेवायला भिंतीपाशी गेले की रिमोट हातात तयार ठेवा.